रांगेत सगळ्यांत मागे

किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. नव्वदच्या दशकात तिथे मिशनच्या एक सिस्टर आल्या आणि गावाबाहेर, विहिरीजवळ त्यांनी दवाखाना काढला. गोळ्या फुकट, इंजेक्शन फुकट, वर गोड बोलणं. आई म्हणाली, "फुकट कोण काय देतं? यांना कायतरी पायजे असंल." मी बारावी होऊन घरी बसले होते. संशय घ्यायला माझ्याकडे वेळच वेळ होता.

उन्हाळ्यात विहिरीवरची रांग ठरलेली असे. आधी आमची घरं, मग बाकीचा गाव, शेवटी कातकरी वाडीतल्या बाया. त्यांची पाळी येईपर्यंत विहिरीत गढूळ तळ उरे. खाली उतरून वाटीवाटीने हंडा भरावा लागे. आम्हाला त्यात काही गैर वाटत नसे. सिस्टर आल्या आणि हंडा घेऊन थेट त्या बायांच्या मागे उभ्या राहिल्या. "शिष्टर, तुमी आमच्यात या," आईने बोलावलं, तरी त्या हलल्या नाहीत.

झालं! गावभर एकच बोलणं, ही बाई वाडी बाटवणार. दोन उन्हाळे मी पाळत ठेवली. पुस्तकं वाटतात का, कुणाच्या गळ्यात क्रूस दिसतो का. काहीच सापडेना, तसा माझा संशय आणखी पक्का झाला. शेवटी तोंडावरच विचारलं, "इथं उभं राहून तुमचा फायदा काय?"

त्या हसल्या. "आमचा प्रभू शिष्यांचे पाय धुवायला खाली बसला. मला तर नुसतं उभं राहायचंय."

मला हे उत्तर फार गुळगुळीत वाटलं.

त्याच मे महिन्यात भर दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. शहापूरची एसटी गेलेली. तिला दवाखान्यात नेलं. सिस्टर पाणी उकळायला गेल्या, तर पिंपाच्या तळाला जेमतेम दोन तांबे. वहिनी विव्हळत होती. माझा तोल सुटला. "पुढं उभ्या राहिला असता तर आज पाणी असतं!"

"हंडा घे आणि पळ," त्या म्हणाल्या.

घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मी विहिरीकडे धावले. वाडीतल्या बायांनी सकाळपासून खपून पाच-सहा हंडे भरले होते. आमच्या घरासाठी त्या पाणी देतील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आम्ही त्यांच्यासाठी कधी काय मागे ठेवलं होतं? मी वहिनीचं नावच काढलं नाही. "शिष्टरला पाणी पायजे, दवाखान्यात," एवढंच म्हटलं.

एकीनेही कशाला म्हणून विचारलं नाही. हंडे डोक्यावर चढले आणि बाया माझ्या आधी पोचल्या.

पुढे एक म्हातारी होती. तिने दारातून आत पाहिलं आणि खाटेवर कोण आहे ते ओळखलं. मला वाटलं, आता ही हंडा घेऊन परत फिरणार! तिने तो पिंपात ओतला आणि पदराला हात पुसले.

"भावजयीला पायजे म्हनून सांगितलं असतंस ना गो, तरी आनलंच असतं."

मी पिंपातून पातेलं भरून सिस्टरांना दिलं.

संध्याकाळच्या आत भाचा झाला. दोघं सुखरूप. आई रडत रडत सिस्टरांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला वरच्यावर धरलं आणि ओट्यावर बसलेल्या बायांकडे हात केला. आई त्या बायांकडे पाहून नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले. म्हातारी मागे बसली होती, तिच्याही मागे सिस्टर. मनापासून वाटलं, जावं तिकडे. दोन पावलं टाकलीही. मग मनात आलं, लोक म्हणतील हिलाही बाटवली. मी पुढे गेले आणि माझा हंडा भरून घेतला.