रक्त द्यायला कर्नाळ्याच्या पायथ्याशी

पुण्याहून लोक पनवेलला उतरतात ते कर्नाळा चढायला, नाहीतर गाडी बदलायला. मी आणि आई गेलो रक्त द्यायला, तेही बोलावणं नसताना!

माझ्या मामाला हिमोफिलिया आहे. साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही. त्याच्या जनुकात नेमकं काय बिघडलंय आणि ते घरात कुठून आलं, हे शोधायला मुंबईहून संशोधकांचं पथक त्याच्याकडे येणार होतं. मामीकडून हे कळलं आणि मी हट्टच धरला. मला आणि नवऱ्याला मूल हवं आहे. त्याआधी हे माझ्यातही आहे का, ते मला कळायला हवं होतं.

सकाळच्या एसटीने पनवेल गाठलं. स्टँडसमोर वडापाव खाल्ला आणि गोवा हायवेने रिक्षा केली. भाडं आधीच ठरवा, मग घासाघीस करून उपयोग नसतो. कर्नाळ्याचा सुळका जवळ दिसायला लागला की मामाचं गाव आलंच.

अंगणात चक्क मांडव! मामाने अख्खी भावकी गोळा केली होती. काका, चुलतभाऊ, पुतणे, सगळे इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून बसलेले. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, मात्र सांगावा नाही.

पथकातल्या डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "काका, हा आजार आईकडून मुलाकडे येतो. वडिलांकडच्या माणसांचं रक्त घेऊन काय करू? आई, मावश्या, बहिणी, भाच्या कुठे आहेत?"

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई तर गेली. मावशी हाय सुकापूरला. तिला कोन सांगनार?"

"आमी आलोय ना न बोलावता," आई म्हणाली. माहेरी पाऊल टाकलं की तिची पुणेरी बोली उंबऱ्याबाहेरच राहते.

मग एका पुतण्याच्या गाडीतून आम्ही दोघी सुकापूरला. नव्या इमारतींच्या गराड्यात मावशीआजीचं कौलारू घर शोधताना मोबाईलच्या नकाशाने हात टेकले. आजी मात्र ऐकताक्षणी पदर खोचून उठली. "माजा पयला पोरगा असाच रगत जाऊन गेला," ती म्हणाली. "लोक बोलले, आईनं नीट बघितला नाय. खरं काय ते कलू दे आता." तिला घेऊन आम्ही मामाकडे परतलो.

रक्त देण्याआधी उपाशी राहावं लागलं नाही, हे बरंच झालं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, बोंबलाचं कालवण. सुजलेला गुडघा सांभाळत मामा स्वतः वाढत होता आणि एक थेंबही न देता सर्वात जास्त जेवणाऱ्या भावकीची खेचत होता. इतकी हसले की पोट दुखलं.

निकाल यायला बरेच महिने गेले. जनुकातला तो बदल मावशीआजीत आहे, आईत आहे आणि माझ्यातही. मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी. आता चांगले उपचार आहेत, गरोदरपणात तपासणीही होते, हे डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. तरी घरी येऊन रडले आणि मामाला फोन लावला.

तो म्हणाला, "जाला तर माज्यासारका होईल. वाईट काय हाय गो माज्यात?"

मी मनापासून आठवून बघितलं. काहीच सापडेना.