पाव्हण्याचा दोरा

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या बायकोचे भाऊ गेले. दहाव्या दिवशी कावळा शिवला. त्याच दिवशी दुपारी त्यांचा साप आमच्या घरी आला.

उंदीर निवडावा तर आमच्या मेहुण्यांनी. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत या कामात त्यांच्या तोडीचा माणूस झाला नाही, आणि पुढे होईलसं वाटत नाही. मी मलकापूरच्या एका शाळेत आयुष्यभर ग्रंथालय सांभाळलं. माणसाची थोरवी अशा शब्दांत सांगितलेली मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही, पण जे खरं आहे ते लिहिलं पाहिजे. मेहुण्यांची सारी नोकरी फौजेत रेशन तपासण्यात गेली. जवानांच्या पोटात जाणारा बटाटा, कांदा, बोकड, सगळं आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. कडेगावला परतल्यावर ऊस, जनावरं, सून-नातवंडांचे फोन असं सगळं मागे लागलं, पण ती नजर काही निवृत्त झाली नाही. बाजारात ते वांग्यांच्या पाटीपुढे बसले की बाई पाटी झाकून घ्यायची. "आवं फौजी, पोरगी बघायला आलाय का वांगी घ्यायला?" असं एकीने विचारलं, तर हे शांतपणे म्हणाले, "पोरगी बघताना चुकलं तर निभावतं. वांगं चुकलं की रात गेली."

पोरगी नाही, पण मुलगा बघायला ते आले होते. तो मुलगा मी. बाकीच्यांनी नोकरी विचारली, जमीन विचारली. यांनी मला जेवायला बसवलं आणि समोर मांडी घालून बघत राहिले. परत जाऊन बहिणीला त्यांनी जो अहवाल दिला तो आमच्या घरात आजही पाठ आहे: "छाती बारकी हाय. भाकरी दोनच खाल्ल्या. पण चावून खाल्ल्या. चालंल."

साप त्यांनी आणला नव्हता. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने घेतला होता, आफ्रिकेकडच्या जातीचा, बिनविषारी, अडीच हात लांब, गुळाच्या रंगावर काजळाचे डाग पडावेत तसा. मुलाला परदेशी जायचं ठरलं तेव्हा तो "पंधरा दिवस ठेवा" म्हणून काचेची पेटी कडेगावला ठेवून गेला. पंधरा दिवसांचा पाहुणा सहा वर्षं राहिला, म्हणून त्याचं नाव पाव्हणा. आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मेहुण्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी वनखात्याकडे नोंद झालेले त्याचे कागद लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगले. सांगायला कोणी आलं की ते न बोलता कागदाकडे बोट करायचे. नागपंचमीला शेजारच्या बायका दूध-लाह्या घेऊन आल्या, तर दारातच आडवे झाले. "त्याला दूध पचत न्हाई. आन् तो आपल्यातला न्हवं. त्याला हा सण ठावंच न्हाई." बायकांनी लांबूनच नमस्कार केला. दूध मेहुणे स्वतः प्यायले.

पण सुरुवातीला त्यांनी एक चूक केली, आणि ती आमच्या भागातला माणूसच करू शकतो. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात पातेल्यातली सगळ्यात मोठी फोड पडली पाहिजे, तो नको नको म्हणत असताना पडली पाहिजे. पाव्हण्याला घरात येऊन आठवडा झाला होता. उसाच्या फडात तोड चालू होती. मेहुण्यांनी त्यातून एक उंदीर धरून आणला, मांजराएवढा नव्हता एवढंच. "पाव्हण्याला बारकं वाढायचं व्हय? गावात काय तोंड दाखवू?" असं म्हणत त्यांनी तो जिवंतच पेटीत सोडला. पाव्हणा कोपऱ्यात वेटोळं करून डोकं लपवून बसला आणि उंदरानेच त्याच्या मानेखाली चावा घेतला. मेहुण्यांनी सांडशीने उंदीर ओढून काढला, पाव्हण्याला टॉवेलात गुंडाळलं आणि जीप काढून थेट सातारा गाठला. तिथे साप पकडून रानात सोडणारा एक माणूस होता. त्याने जखम धुतली, मलम दिलं आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला शाळकरी पोरासारखं झापलं. जिवंत द्यायचा नाही, तो साप चावत नाही, उंदीर चावतो. शेतातला द्यायचा नाही, त्याने कुठलं विष खाल्लं असेल सांगता येत नाही. आणि सापाच्या अंगाचा जो सगळ्यात जाड भाग, त्यापेक्षा उंदीर जाड नको.

मेहुणे घरी आले ते खाली मान घालून. घरी आलेल्याला आपल्या ताटातून इजा झाली, हे त्यांना सहन झालं नाही. दोन दिवस जेवले नाहीत, असं आमच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर खडूने तीन ओळी लिहिल्या: जिवंत न्हाई. शेतातला न्हाई. जाड न्हाई. मग त्यांनी पाव्हण्याच्या अंगाभोवती, जिथे तो सगळ्यात भरलेला होता तिथे, गोधडी शिवायचा पांढरा दोरा फिरवला, मापाला गाठ मारली आणि दोरा खिशात टाकला. त्या दिवसापासून तो दोरा त्यांच्या खिशातून फक्त झोपताना बाहेर यायचा.

पुण्याहून गोठवलेले पांढरे उंदीर थर्माकोलच्या खोक्यातून एसटीने यायचे. वहिनींनी आपल्या फ्रीजला हात लावू दिला नाही, म्हणून गोठ्यात दुसरा फ्रीज आला. मी एकदा उन्हाळ्यात बर्फ शोधायला तो उघडला, तर आत स्टीलचे तीन डबे, वर मेहुण्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या: बारका, मधला, दिवाळीचा. मी पाणी तसंच प्यायलो. निवड चालायची ती सकाळपासून. मेहुणे एकेक उंदीर काढायचे, उजेडाकडे धरायचे, दोरा फिरवायचे, शेपटीपासून नाकापर्यंत बघायचे. "ह्याचं पोट बसल्यालं हाय. ह्यो नगं." "ह्यो डौलदार हाय, पर गाठीच्या भाईर चाललाय." पास झालेला उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचा आणि तिन्हीसांजेला चिमट्याने धरून पुढे करायचा. पाव्हण्याने झडप घातली की ते लगेच पाठ करून बसायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. मला पण पाठ करायला लावायचे. "दाजी, जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघत बसू ने." स्वतः मला भाकरी खाताना तासभर न्याहाळणारा हा माणूस!

वहिनींची एकच अट होती. सोमवार, एकादशी, संकष्टी आणि अख्खा श्रावण घरात उंदीर निघायचा नाही. मेहुण्यांनी ती मान्य केली, कारण पाव्हण्याला दोन-तीन आठवड्यांतून एकदाच लागायचं. आल्यागेल्याला मात्र ते अभिमानाने सांगायचे, "आमच्या घरात खरा उपास ह्योच करतो. साबुदाणा सुदिक न्हाई."

दोरा फक्त सापापुरता राहिला नाही. औंधला एका लग्नात पंगत बसली होती. नवऱ्या मुलाचा चुलता नवरीकडच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात आग्रहाने अख्खा लाडू कोंबत होता. मेहुणे पंगतीतून उठले, खिशातून दोरा काढला, लाडवाला गुंडाळला आणि म्हणाले, "गड्या, म्हाताऱ्याचं तोंड बघ आन् तुझा लाडू बघ. जीव घेतोस का त्येचा?" पंगत हसली. म्हाताऱ्याने हात जोडले ते लाडवाला की मेहुण्यांना, कळलं नाही.

ते गेले ते गोठ्यातून घरात येताना, पाच पावलांत. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळे बाभळीवर बसून राहिले. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्याचं जे राहिलं असेल ते पुरं करण्याचा शब्द देतात. मुलाने पाइपलाइनचा शब्द दिला. चुलतभावाने बांधाचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. ऊन चढत चाललं. शेवटी वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दाजी, पाव्हण्याचं बोला. मला त्याच्याकडं बघवत न्हाई, आन् पोरगं परत चाललंय." मी पिंडाला हात जोडले आणि म्हणालो, "आबा, पाव्हण्याला मी उपाशी ठेवणार नाही." वाक्य संपायच्या आत कावळा उतरला. मागून कोणीतरी म्हणालं, "आयला, फौजीचा जीव सापात अडकला हुता!"

आणि पाव्हणा आमच्या घरी येऊन जेवेना.

पेटीबरोबर ते तीन डबे आणि दोराही आला होता. मी सगळं त्यांच्यासारखं केलं. पेटीखाली ऊब ठेवली, दोऱ्याच्या गाठीबरोबर उंदीर निवडला, कोमट केला, चिमट्याने धरला. पाव्हण्याने जीभ काढली आणि तोंड फिरवलं. मी चार दिवसांनी पुन्हा धरला. मग परत चार दिवसांनी. दिलेला शब्द माझ्या मानेवर बसला होता. एकदा तर दिवाळीच्या डब्यातला काढला. पेटीसमोर पुस्तक घेऊन बसायचो, पण पान उलटत नव्हतं. साताऱ्याच्या त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सर, जागा बदललीय, थंडी आहे. एवढ्यात त्याला काही होत नाही. तुम्ही त्याच्यापुढे सारखं ताट नाचवू नका." मी ऐकलं, पण झोप लागेना. महाशिवरात्र आली आणि गेली. अडीच महिने झाले.

एका रविवारी मी दोरा हातात घेऊन बसलो होतो. बायको बराच वेळ बघत होती. ती म्हणाली, "दादा दर महिन्याला नव्यानं मापायचा. तुम्ही एकदा तरी मापलंत का?"

मी मापलं नव्हतं. ती गाठ त्यांच्या हातची होती. ती शेवटचीच म्हणून मी धरून बसलो होतो. मी पेटी उघडली, पाव्हण्याच्या अंगाभोवती दोरा फिरवला. तो अर्धं बोट ढिला पडला. पाव्हणा बारीक झाला होता, आणि मी त्याला धडधाकट असतानाच्या मापाचं वाढत होतो, वर आग्रह करत होतो. फडातल्या उंदराची चूक मी शुद्ध मराठीत पुन्हा केली होती.

जुनी गाठ मी सोडली नाही. तिच्या अलीकडे दुसरी मारली. 'बारका' डब्यातले सगळे उंदीर ताटात काढले, एकेक उजेडाकडे धरला. सातवा पास झाला. तिन्हीसांजेला तो पाव्हण्यापुढे धरला, चिमट्याला झटका बसला तसा सोडला आणि पाठ करून बसलो. बायकोलाही पाठ करायला लावली. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे, किती वेळ बसलो होतो कोण जाणे. शेवटी तीच चोरून वळली.

"गेला," ती म्हणाली. "शेपटी तेवढी दिसतीय."

मग ती हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी वहिनींना फोन केला.

"जेवला."

त्यांनी विचारलं, "किती?"

"एक. बारका."

"आग्रह केला न्हाई न्हवं?"

"नाही वहिनी."

"बरं झालं. आता मीबी दोन घास खाते," त्या म्हणाल्या.

आता दर महिन्याला मी पाव्हण्याला मापतो. दोरा माझ्या खिशात असतो. त्याला दोन गाठी आहेत, एक त्यांची आणि एक माझी.