आमच्या सलूनमधले जनरलसाहेब

सलूनच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वीस मिनिटं उठता येत नाही, आणि वीस मिनिटं गप्प बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नाशिकरोडला माझं दुकान सुरू होऊन चाळीस वर्षं होत आली. केस रोज झाडून बाहेर टाकतो, बोलणं मात्र तिथंच राहतं. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती गिऱ्हाइकांनी वाचून टाकलेल्या पेपरांवर, म्हणून लिहायला वेळ लागतो. तुम्हीही सावकाश वाचा.

सध्या दुकानात साचलंय ते सगळं जनरलसाहेबांचं. हे साहेब फौजेतून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी साडेसहाला एका चॅनलवर येतात आणि परदेशातल्या शांतिसेनेवर बोलतात. तिकडे कुठल्याशा देशात दोन टोळ्या भांडतायत आणि मधे निळ्या टोप्या घालून देशोदेशीचे सैनिक उभे आहेत. त्यात आपलेही आहेत.

जनरलसाहेबांचे समर्थक आमच्याकडे पुष्कळ. त्यांचे पुढारी खैरनार सर, रिटायर मास्तर. त्यांच्या खालोखाल अशोकशेठ, दिंडोरीचे द्राक्षवाले. बाजाराच्या कामाला आले की दाढी माझ्याकडेच. आणि कोपऱ्यात स्टुलावर निवृत्ती. चांदवडकडचा कांदेवाला, आता इथं एका सोसायटीत वॉचमन. त्याचा संदीप त्याच शांतिसेनेत. दर रविवारी पोराचा फोन येतो, मधले सहा दिवस निवृत्ती टीव्हीवर काढतो. बाकीचे जनरलसाहेबांना ऐकतात, निवृत्ती त्यांना तपासतो. आज काय बोलले, काल काय बोलले होते, मधलं काय गाळलं.

*

जनरलसाहेब स्क्रीनवर आले की मशीन बंद, कात्री बंद, हा खैरनार सरांचा नियम. दुकान माझं, पण नियम त्यांचा.

एकदा बँकेतला एक तरुण साहेब मिशी कोरून घ्यायला बसला. रात्री आठला त्याच्या साखरपुड्याला माणसं यायची होती. डावी बाजू झाली आणि जनरलसाहेब आले. सरांनी बोट वर केलं. मी हात थांबवला.

जनरलसाहेब म्हणाले, "शांतिसेना इतक्यात मागे घेता येणार नाही. निदान दोन वर्षं थांबावं लागेल."

सरांनी मान डोलावली. "बरोबर आहे. घाई करून चालत नाही."

खुर्चीतून आवाज आला, "सर, तोवर माझी उजवी बाजू अशीच ठेवायची का?"

*

एका गुरुवारी जनरलसाहेब म्हणाले, "या सगळ्यामागे खरा हात कोणाचा आहे, ते मी आज सांगतो." आणि टीव्ही काळा झाला.

मग खैरनार सर हळूच म्हणाले, "पाहिलंत? नाव घेणार तेवढ्यात."

अशोकशेठच्या तोंडाला फेस लावलेला होता. तरी ते उठून बसले. "मी लय दिवसांपासून सांगतोय, साहेबांचा आवाज दाबायचा डाव हाय. हे वरून झालं, सर. लय वरून."

"वरून म्हणजे किती वरून?" निवृत्तीने विचारलं.

"दिल्लीच्या बी वरून."

सरांनी लगेच समर्थकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला. पाच मिनिटांत नाशिकभर निषेध सुरू झाला. सातपूरच्या एकाने लिहिलं, आमच्याकडे दिसतंय. त्याला सरांनी उत्तर दिलं, तुम्हाला दाखवतायत ते खरं कशावरून?

तेवढ्यात केबलवाला शिडी घेऊन आला. दारातून डोकावून म्हणाला, "बाहेर ट्रॅक्टर कोणाचा? त्याच्या फवारणीच्या ब्लोअरने माझी वायर खांबापासून ओढून नेलीय."

अशोकशेठ पुन्हा खुर्चीत मागे टेकले आणि मला म्हणाले, "चालू द्या नाना तुमचं."

*

माझी नजर माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या मानेवर जाते, याला माझा इलाज नाही. जनरलसाहेबांचा कार्यक्रम चालू असताना कोपऱ्यात लाल अक्षरांत 'थेट' असं लिहिलेलं असतं. सोमवारी साहेबांचे कल्ले आखूड, मान स्वच्छ. मंगळवारी कानावर केस आलेले. बुधवारी पुन्हा आखूड. केस कापून एका दिवसात कमी होतात, पण एका दिवसात वाढत नाहीत.

मी म्हणालो, "सर, कालचं बोलणं जुनं होतं. तीन आठवडे तरी आधीचं."

खैरनार सरांनी पेपर खाली ठेवला. "नाना, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांच्या केसांनी."

"ते नाही विचारत. कोणाच्या सांगण्यावरून बोलताय ते विचारतोय. तुमच्याकडे हल्ली कोण कोण येऊन बसतं?"

मी म्हणालो, "तुम्हीच येता."

सर महिनाभर दुकानात आले नाहीत. निवृत्तीने मात्र स्टूल उचलून टीव्हीजवळ नेलं. त्याला आधी साहेबांच्या बोलण्यावरच लक्ष ठेवावं लागायचं, आता केसांवरही.

महिन्याने सर आले ते दुसरीकडे कटिंग करून. मागची रेघ वाकडी. ते आपणहून खुर्चीत बसले, "मान सरळ करून द्या" म्हणाले. साडेसहा वाजले, जनरलसाहेब आले. सर आरशात बघत राहिले आणि मग अगदी बारीक आवाजात मला म्हणाले, "आजचं ताजं आहे का हो?"

*

आता माझ्या दुकानाची रचना सांगतो. टीव्ही मागच्या भिंतीवर, आरसा पुढे. दारापाशी बाकडं आहे, तिथून टीव्ही सरळ दिसतो. खुर्चीत बसलेल्याला तो आरशातून दिसतो, म्हणजे उजव्याचं डावं. माणसाच्या तोंडात फरक पडत नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाची तक्रार नव्हती.

पण जनरलसाहेब नकाशे दाखवायला लागले आणि दुकानात दोन पक्ष पडले. खुर्चीवाले म्हणायचे, टोळी डावीकडून येतेय. बाकड्यावाले म्हणायचे, उजवीकडून. खैरनार सर खुर्चीत असले की एक बोलायचे आणि दाढी करून बाकड्यावर गेले की दुसरं. वर सांगायचे, "परिस्थिती झपाट्याने बदलतेय."

एके दिवशी निवृत्ती खुर्चीत होता. जनरलसाहेबांनी नदी दाखवली. नदीच्या एका बाजूला हिरवा रंग, एका बाजूला लाल. म्हणाले, हिरव्यात शांतता आहे, लाल भागात काल रात्रीपासून गोळीबार चालू आहे. संदीपने बापाला फोनवर सांगितलेलं आम्हा सगळ्यांना पाठ होतं, की आमची चौकी नकाशात नदीच्या उजव्या अंगाला. आणि लाल रंग होता उजवीकडे.

निवृत्ती आरशात बघत होता. आरशात लाल डावीकडे होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "आपला हिरव्यात हाय."

बाकड्यावर अशोकशेठ होते, सर होते. सगळ्यांना सरळ दिसत होतं. अशोकशेठ चपला शोधायला लागले. सर पेपरमागे गेले. मी वस्तरा धरून उभा होतो, आणि धारेखाली असलेल्या माणसाला असलं काही सांगू नये असं मी स्वतःला सांगितलं. दाढी संपल्यावरही सांगितलं नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी निवृत्ती ड्यूटी संपवून घरी चालला होता, तेव्हा त्याला हाक मारली. म्हटलं, "निवृत्ती, काल तो नकाशा..."

"उलटा होता," तो म्हणाला. "खालची अक्षरं उलटी दिसत व्हती, नाना. मला वाचता येतं."

"मग हिरव्यात आहे असं का म्हणालास?"

"तुमच्यापैकी कोण बोलतं ते बघत व्हतो."

*

त्यानंतर आलेल्या रविवारी संदीपचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. निवृत्ती लावायचा, तो लागायचा नाही.

आणि जनरलसाहेब टीव्हीवर सांगत होते, "आपले जवान सुखरूप आहेत. मला आज सकाळीच तिथून खबर मिळाली आहे." समर्थकांच्या ग्रुपवर झेंडे आले, सलाम आले, हात जोडलेले आले. कोणी लिहिलं, साहेब आहेत म्हणून देश झोपतो. त्या सगळ्या झेंड्यांच्या खाली निवृत्तीने एक ओळ टाकली: कोणत्या चौकीची खबर?

दोन मिनिटांनी निवृत्ती ग्रुपमध्ये नव्हता.

मी सरांना विचारलं, "सर, त्याला काढलंत?"

"काढावं लागलं. शंका घेणारा माणूस साहेबांचा समर्थक नसतो, नाना. तो कोणीतरी पेरलेला असतो."

"सर, त्या ग्रुपात शांतिसेनेत ज्याचं माणूस आहे असा तो एकटाच होता."

सरांच्या गालावर फेस होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी वस्तऱ्याचा पुढचा हात फिरवला. मग म्हणाले, "साहेब येत्या शनिवारी नाशिकला व्याख्यानाला येतायत. स्टेजवर निवृत्तीरावांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, साहेबांच्या हस्ते."

त्यांना वाटलं, झालं, चूक भरून निघाली.

*

आता शेवटचा किस्सा. त्याआधी एक सांगून टाकतो: संदीप सुखरूप आहे. परवा सुट्टीवर येऊन माझ्याकडे दाढी करून गेला. तिकडे मोबाइलचा टॉवर पडला होता, फोन बंद होते. वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला जमत नाही. पण त्या दिवशी हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

खैरनार सर आमंत्रण द्यायला गेले तेव्हा मला सोबत घेऊन गेले. निवृत्ती सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसला होता. सरांनी सत्काराचं सांगितलं. निवृत्ती उठून उभा राहिला.

"काय झालंय?"

"काही नाही. आनंदाची गोष्ट आहे."

"सर, शाल कशाला?"

"तुम्ही जवानाचे वडील. मान नको का द्यायला?"

निवृत्ती माझ्याकडे बघायला लागला. "नाना, तुम्ही सांगा. आमच्या गावात फौजीच्या बापाला शाल एकदाच मिळाली. त्या दिवशी गावातली सगळी दुकानं बंद व्हती आणि पोरगं झेंड्यात गुंडाळून आणलं व्हतं. दोन रविवार माझ्या पोराचा फोन नाय, आणि तुम्ही शाल घेऊन आलात."

सरांनी शपथा घेतल्या. मी घेतली. जितक्या शपथा घेतल्या तितका त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, "येतो. त्यांच्याच तोंडून ऐकतो."

सभागृह भरलं होतं. जनरलसाहेब टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बुटके आणि थकलेले वाटले. समर्थकांनी पुढच्या दोन रांगा धरल्या होत्या, आणि साहेबांचं वाक्य संपलं की टाळ्या, असं चाललं होतं. निवृत्ती माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने वॉचमनचाच सदरा धुऊन इस्त्री करून घातला होता.

भाषण मधे थांबवून सरांनी निवृत्तीचं नाव पुकारलं. निवृत्ती वर गेला. साहेबांनी शाल उलगडली, तसा तो एक पाऊल मागे सरला.

"साहेब, शाल नंतर. माझा संदीप तिकडं हाय. दोन रविवार त्याचा फोन नाय. तुम्ही रोज सांगता, खबर मिळाली. तो हाय का नाय, तेवढं सांगा."

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. खैरनार सर माईककडे धावले, पण जनरलसाहेबांनी हात आडवा धरला. त्यांनी शाल पुन्हा टेबलावर ठेवली. बराच वेळ ते निवृत्तीच्या सदऱ्याच्या बटणांकडे बघत राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तिकडून मला कोणी काही कळवत नाही. पेपरात येतं ते मी वाचतो आणि बोलतो."

पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य संपलं होतं ना. मग काय वाजवतोय ते लक्षात येत गेलं, तसे एकेक हात थांबले. अशोकशेठचे सगळ्यात शेवटी.

निवृत्तीने टेबलावरची शाल उचलली. एकदा झटकली. ती त्याने जनरलसाहेबांच्या खांद्यांवर घातली, दोन्ही टोकं पुढे नीट सारखी केली, नारळ त्यांच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. मग पायऱ्या उतरून माझ्या शेजारी येऊन बसला, आणि साहेबांचं उरलेलं भाषण संपेपर्यंत जागचा हलला नाही.