शेवंतीची चौकशी

पाऊस ओसरला, भाद्रपद सरत आला, की आमच्या ह्यांची सकाळ गच्चीतल्या शेवंतीपाशी सुरू होते. कुंडीतल्या मातीत बोट खुपसून विचारतात, "काय गं, तहान लागली का?" मी आणलेला चहा कठड्यावर निवत असतो. माझी अशी चौकशी कधी झाल्याचं आठवत नाही. माणसाला बोलता येतं ना, म्हणूनच बहुधा त्याला कुणी काही विचारत नाही. परवा तर तिला काठीला बांधायला माझ्या मऊ सुती साडीचा पदर फाडला.

आज गच्चीतून ओरडले, "अगं, लवकर ये, कळी आली!"

"पोळी तव्यावर आहे," मी म्हटलं.

पोळी कधीच उतरवली होती. ते आंघोळीला गेल्यावर हळूच जाऊन बघितलं. गोडच होती मेली, माझ्याच पदराला टेकून उभी.