मिठाची बरणी

लग्न ठरलं तेव्हाच ह्यांनी सांगितलं होतं, "मला लहानपणापासून डायबिटीस आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. विचार करून हो म्हण." मी विचारबिचार केला नाही. लग्नानंतर मात्र ह्यांची शुगर हा माझा प्रांत झाला, आणि माझ्या प्रांतात माझंच चालतं.

दोन वर्षांपूर्वी ती शुगर एकाएकी उतरायला लागली. कधी इतकी, की सकाळी अकरालाच ह्यांचे हात थरथरायचे आणि साखरपाणी द्यावं लागायचं. डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, मग आणखी कमी केलं. मी हुरळून गेले. नाचणीची भाकरी, मेथीचं पाणी, कारल्याचा रस, सगळं श्रेय माझं! आमच्या कोपरच्या सोसायटीतल्या बायका मला पथ्य विचारायला यायच्या आणि मी पुड्या सोडायचे.

हे वाळत चालले होते. रंग काळवंडला. जिन्यात मध्येच टेकायचे, खुर्चीतून उठलं की चक्कर यायची. "शुगरवाल्यांना थकवा यायचाच," मी म्हणायचे. बाळकुमला सासरी गेलो तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराचा पार कोळसा केलास गो!" मनात म्हटलं, सासूच ती, काही केलं तरी बोलणारच.

त्यातच ह्यांना मिठाचं वेड लागलं. ताकात मीठ, कलिंगडावर मीठ, जवळ्याच्या चटणीवरही वरून मीठ. एकदा तर ओट्याशी उभे राहून तळहातावरचं मीठ चाटताना मी पकडलं. साखर आणि मीठ, दोन्ही पांढरं विष, असं कुठेतरी ऐकलेलं. मी मिठाची बरणी गव्हाच्या डब्यामागे लपवली.

"अगं, थोडं दे ना. खाल्ल्या मिठाला जागेन," हे हसत म्हणाले. मी दिलं नाही.

गेल्या श्रावणात एका सकाळी उलट्या झाल्या आणि हे बाथरूमच्या दारातच कोसळले. साखरपाण्याने शुगर वर आली, पण हे काही उठेनात. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बीपीच्या मशीनवरचा उतरलेला आकडा पाहिला, मग ह्यांचा तळहात उघडला. रेषा काळ्या पडलेल्या. हिरड्याही काळसर.

"काकू, हे मीठ जास्त मागतात का?"

"मागतात? चोरून खातात! मी बरणी लपवून ठेवलीय," मी ठसक्यात सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराचं रक्षण करणारी पलटणच त्यांच्यावर उलटली होती, लहानपणी स्वादुपिंडावर उलटली होती तशीच. आजार वेगळा, पण डायबिटीसच्या आड लपलेला. शुगर उतरली ती त्या आजाराने, माझ्या पथ्याने नव्हे; आणि मीठ तर शरीरच मागत होतं. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.

इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. त्यात काय असतं, असं मी नर्सला विचारलं.

"मिठाचं पाणी, काकू."

मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले.

दुसऱ्या दिवशी हे उशीला टेकून बसले, तेव्हा मी विचारलं, "अहो, इतकं होत होतं तर बोलला का नाहीत?"

"सांगणार होतो. पण तू फोनवर सगळ्यांना सांगायचीस, ह्यांची शुगर मी ताब्यात आणली. इतकी खूश असायचीस. म्हटलं, जाऊ दे, होईन बरा."

माझ्या आनंदापायी हा माणूस मरायला निघाला होता. मी म्हटलं, "आता मला खूश ठेवायचं असेल तर रोज कुरकुर करा."

ते ऐकतात. आता सकाळची गोळी घेताना पाय दुखतात म्हणतात, चहा पांचट म्हणतात, मी ऐकून घेते. ज्या दिवशी गप्प असतात, त्या दिवशी मी हातातलं काम टाकून त्यांच्याशेजारी जाऊन बसते, आणि ते बोलेपर्यंत उठत नाही.