लाल पेन्सिलीचं बूच

आमचे हे कधी चुकत नाहीत. म्हणजे, त्यांच्या मते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. "माझं चुकलं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकले, आणि तेही मला उद्देशून नव्हते.

गॅरेजमध्ये त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतला आवाज ऐकतात, म्हणून. हे नाव ठेवलं माझ्या थोरल्या भावानं, दादानं. दादाकडे एक जुनी पिकअप होती. रोपवाटिकेतून कुंड्या आणि रोपं उचलायची आणि घरोघर पोचवायची, हा त्याचा धंदा. रोपं आडवी पडू नयेत म्हणून तो इतकी हळू चालवायचा की सायकलवाले त्याला मागे टाकून जायचे. त्या गाडीला हात लागायचा तो फक्त डॉक्टरांचा.

एका रविवारी हे आमच्या अंगणातच तिचं टायमिंग लावत होते. टायमिंग लावायचं, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवायचं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा ऐकाच. इंजिनाच्या पुलीवर एक बारीक खूण असते. टायमिंग लाइटचा उजेड मारला की गरगर फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि खूण वाचता येते. मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी वाटून देणारा भाग, केसभर इकडेतिकडे फिरवून ती खूण आकड्यासमोर आणायची. त्याआधी मात्र इंजिनाकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी एक रबरी नळी काढून तिच्या तोंडात बूच मारावं लागतं. ही नळी एरवी ठिणगी थोडी आधी पाडते, आणि टायमिंग लावताना तिची लुडबूड नको असते. काम झालं की बूच काढायचं आणि नळी परत चढवायची.

यांचं बूच त्या दिवशी सापडेना. घरात आले, माझ्या टेबलावरून काहीतरी उचललं आणि गेले. मी वह्या तपासत होते, मान वर केली नाही. संध्याकाळी पाहते तर माझ्या लाल पेन्सिलीचा तुकडा नाहीसा. घरभर शोधला, दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांवरही उगाच डाफरले.

महिन्याभरात दादा गॅरेजमध्ये तक्रार घेऊन आला. "डॉक्टर, गाडी पेट्रोल फार प्यायला लागलीय. तापतेसुद्धा."

यांनी गाडी चढावर नेऊन दाबून पळवली. पळाली की! परत आणून बॉनेट उघडलं, नळीबिळी काही न काढता लाइट मारला. "या इकडे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खूण आकड्यासमोर आहे ना? तसूभर तरी हललीय का?"

"नाही," दादा म्हणाला.

"मग दोष गाडीत नाही, तुमच्या पायात आहे. पाय जड आहे तुमचा. ॲक्सिलरेटर चेपून धरता."

आजूबाजूची माणसं हसली. डबा द्यायला गेलेली मीही हसले, आणि वर म्हणाले, "दादा, वजन उतरव जरा." ज्याला सायकलवाले मागे टाकायचे, त्याला आम्ही हे ऐकवलं. दादाचं तोंड एवढंसं झालं.

पुढे तो आणखी दोनदा आला. यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मग त्यानं येणंच सोडलं. दोनेक वर्षं रेटली, शेवटी पिकअप घरामागच्या पत्र्याखाली उभी केली आणि ज्या रोपवाटिकेतून माल उचलायचा तिथेच झाडांना पाणी घालायच्या नोकरीला लागला. मी जायला हवं होतं. पण मला वाटायचं, तो थोरला, त्यानं यावं. वर्षांवर वर्षं गेली. गेल्या साली दादाच गेला.

मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "वन्सं, गाडीला गिऱ्हाईक आलंय. भावोजी जरा चालू करून देतील का?"

आम्ही दोघं गेलो. यांनी बॅटरी बदलली, कार्बोरेटर धुतला, ताजं पेट्रोल घातलं. चार आचके देऊन इंजिन सुरू झालं. मग बंद करून टायमिंगसाठी नळी ओढली, तर वाळलेलं रबर हातातच तुटलं आणि आतून काहीतरी खाली पडलं. मी उचललं. बोटाच्या पेराएवढा लाल पेन्सिलीचा तुकडा, टोकाला माझ्या दातांच्या खुणा. विचार करताना पेन्सिल चावायची माझी सवय तशी जुनीच.

हे पायरीवर बसले. "इंजिन हवा ओढतं. तुकडा आत सरकला असणार, आणि मी तशीच नळी चढवली," ते हळूच म्हणाले. "नळी तुंबली, ठिणगी उशिरा पडायला लागली, म्हणून गाडी पेट्रोल प्यायची आणि तापायची. दादा तक्रार घेऊन आले त्या दिवशी नळी जागेवर होती. खूण पुढे सरकलेली दिसायला हवी होती. ती हलत नव्हती, हाच तर दोष होता. मी त्यांना दाखवत होतो, आणि मलाच दिसला नाही."

वहिनी मागच्या दारात होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. तुकडा खिशात टाकून नवी नळी बसवली असती, तर कुणाला कळणार होतं? खरं सांगते, त्यांनी तेच करावं असं क्षणभर मला वाटलं. पण ते उठले, माझ्या हातातून तुकडा घेतला आणि वहिनीसमोर जाऊन तळहात उघडला.

"वहिनी, माझं चुकलं. दोष गाडीत होता, आणि तो मीच करून ठेवला होता. दादांच्या पायात काही नव्हतं."

वहिनीनं तुकडा हातात घेतला. "दुसऱ्या कुणाला दाखवा म्हणून मी किती मागे लागले," ती म्हणाली. "ते म्हणायचे, डॉक्टरांनी बघितलंय ना, मग माझंच काहीतरी चुकत असणार."

ती गाडीपाशी गेली आणि तिनं केबिनचं दार उघडलं. सीटखाली दादाच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या.

"चालवताना काढून ठेवायचे. थंडीतसुद्धा. पाय हलका पडावा म्हणून."

मला तिच्याकडे बघवेना. वजन उतरव म्हणणारी मीच होते.

यांनी नवी नळी आणून बसवली, इंजिन सुरू केलं, लाइट मारला. खूण आकडा सोडून पुढे सरकली. "हलली," हे म्हणाले आणि जुन्या सवयीनं, शेजारच्याला वाकून बघता यावं म्हणून बाजूला झाले. शेजारी कुणीच नव्हतं. मग वहिनीच पुढे आली, पदर सावरून वाकली, बघितलं.

"मला यातलं काही कळत नाही, भावोजी," ती म्हणाली. "त्यांना कळलं असतं."