खासबागेतला कानसेन

मंडळी, संध्याकाळी घडलेलं सांगतो. डोकं अजून तापलेलंच आहे.

खासबागेत माझा एक वकील मित्र राहतो. त्याने कान पूर्ण झाकणारे दोन महागडे क्लोज्ड-बॅक हेडफोन मागवलेत. त्यातला एक ठेवायचा, एक परत करायचा. निवड करायला मला बोलावलं.

निवड कसली, मी नुसता बसून होतो. साहेब एक चढवतात, डोळे मिटतात, मग दुसरा चढवतात. "ह्याचा बेस गोल हाय, त्याचा कोरडा." जसं काही ह्यानंच बेस शोधून काढला.

तेवढ्यात आतून त्याच्या वडिलांची हाक आली. त्यांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एकट्यानं उठायचं नाही. त्यांनी पुन्हापुन्हा हाका मारल्या. हा आपला मान डोलावतोय.

शेवटी मीच गेलो. आप्पा भिंत धरून उभे होते, हातानं दार चाचपडत होते. त्यांना बाथरूमला नेलं, परत आणून निजवलं.

"त्याला सांगू नगंस," ते म्हणाले. "कामात असंल."

बाहेर आलो तर साहेब खुशीत. "बाहेरचं कायबी ऐकू येत न्हाय रं, लई भारी. कुठला ठेवू?"

"कुठलाबी ठेव," मी म्हणालो. "आप्पा केव्हापासनं हाका मारत होते. तुला दोन्हीतनं ऐकू आलं न्हाय."

"ते दिवसभर मारत्यात," म्हणाला, आणि पुन्हा हेडफोन चढवला.

मी चहा न घेताच उठलो. गाण्यातला बारीकसारीक फरक कळणाऱ्या ह्या माणसाला कानसेन म्हणायचं की बहिरा, तुम्हीच सांगा.